गुलनारवाल्या सिस्टर

सिस्टर कुणाच्याही घरी गेल्या, की आधी घरात शिरत नसत. फाटकातून आत आल्या की अंगणातल्या झाडाकडे वळत, मान वर करून त्याच्याभोवती एक फेरी मारत आणि मग घरमालकाला बाहेर बोलावत. बारसं असो की वास्तुशांत, पहिला विषय झाडाचा. "ह्या पेरूचा शेंडा कुणी उडवला?" असं त्यांनी विचारलं, की उडवणारा समोर उभा असूनही पुढे येत नसे. खांद्याला जुनी काळी पर्स. तिच्यात रुमाल, चष्म्याचं घर, स्पिरिटची लहान बाटली आणि छाटणीची कात्री, जिला बागवाले सिकेटर म्हणतात. एका लग्नात मुलीकडच्यांनी दारातल्या डाळिंबाला विजेच्या माळा करकचून आवळल्या होत्या. सगळे मंगलाष्टकांची वाट बघत होते आणि सिस्टर माळा सोडवत होत्या. मोडलेली फांदी त्यांनी नीट कापली, हात धुतले आणि मगच अक्षता घेतल्या. नवऱ्यामुलाचा मामा काहीतरी बोलायला पुढे आला होता. त्यांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तेवढ्यावर तो मागे फिरला.

अंबाजोगाईत आमच्या गल्लीच्या तोंडाशी, कोपऱ्यावर त्यांचं घर होतं. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर म्हणून उभं आयुष्य काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. नाव होतं, पण ते कुणाच्या तोंडात नव्हतं. दूधवाल्यापासून ते कॉलनीतल्या वकिलांपर्यंत सगळ्यांच्या त्या सिस्टर. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा त्यांची साठी जवळ आली होती. आमचं मूळ घर युसूफ वडगावचं. नवऱ्याचं इथं ठिबकच्या पाइपांचं दुकान, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आणि घरात सासूबाई. आमची आणि सिस्टरांची भिंत एकच होती. त्या भिंतीवरून पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, "शिडी धरता येती का गं तुला?" मी हो म्हणाले. तेव्हापासून दरवर्षी माघ महिन्यात शाळा सुटली की मी त्यांची शिडी धरत आले.

त्यांच्या अंगणात पोटभर खावं असं फळ देणारं झाड जवळजवळ नव्हतंच. फाटकापाशी दोन बाजूंना चिनी संत्री होती. त्यांना बोराएवढी केशरी फळं लगडायची, बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि एक फोड चाखली की डोळे गच्च मिटायचे. कुंपणाला करवंदाची जाळी, तीही शोभेची. आणि दारात व बाहेर गल्लीच्या कडेला ओळीनं लावलेली गुलनारची झाडं. गुलनार म्हणजे फक्त फुलांचं डाळिंब. लालभडक, झालरीदार, झेंडूएवढं भरलेलं फूल येतं, काही दिवस मिरवतं आणि गळून जातं. डाळिंब धरतच नाही. ही रोपं त्यांनी बसस्टँडजवळ फळांचा गाडा लावणाऱ्या मामूंकडून आणली होती. मामूंच्या घरामागे छोटी रोपवाटिका होती. रोप देताना त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "इसको फल नै आता बाई, खाली हुस्न हाय." म्हणजे नुसतं रूप. सिस्टर म्हणाल्या होत्या, "मग अजून चार द्या."

फळ न देणारं झाड गल्लीला पटत नव्हतं. सगळ्यांत जास्त पटत नव्हतं ते माझ्या सासूबाईंना. दारात वांझ झाड ठेवू नये, त्यानं शेजारच्या घरालाही बाधतं, असं त्या म्हणायच्या. माझ्या लग्नाला चार-पाच वर्षं होऊन गेली आणि घरात पाळणा हलेना, तेव्हा त्यांचा हा विचार पक्का झाला. एक दिवस त्यांनी भिंतीपाशी जाऊन सिस्टरांना सरळ सांगितलं, की ते झाड काढा, माझ्या सुनेवर त्याची सावली पडते. मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी होते. सिस्टरांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"अक्का, झाड माझ्या दारात हाय. माझ्या दारात काय असावं, ते इचारायला मी कुणाच्या घरी जात न्हाई."

सासूबाईंनी त्या दिवसापासून बोलणं टाकलं. सिस्टरांनी मात्र त्यांच्याशी बोलणं कधीच सोडलं नाही. रोज सकाळी भिंतीवरून "अक्का, झोप लागली का?" अशी चौकशी व्हायची आणि उत्तर न येताच त्या पुढच्या कामाला लागायच्या.

त्यांची स्वतःची गोष्ट मला त्यांनी शिडीच्या वरच्या पायरीवरून सांगितली. माहेर सिरसाळ्याकडचं, वडील मोठे बागायतदार. लग्न थाटात झालं, मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी केली आणि हिनंही राहावं, दोघी बहिणीसारख्या राहा, असं ठरलं. वडिलांनी आणि थोरल्या भावानं येऊन समजूत काढली, की दिल्या घरी राहायचं असतं, जेवायला काय कमी आहे. सिस्टरांनी त्यांना जेवू घातलं, निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन एसटीनं अंबाजोगाई गाठली. इथं एका ओळखीच्या बाईंच्या घरी राहिल्या आणि नर्सिंगला नाव घातलं. भाऊ पुढं कितीतरी वर्षं बोलला नाही. हे सगळं सांगताना आवाजात कुठे कढ नव्हता. फक्त शेवटी कात्री थांबवून त्या मला म्हणाल्या, "लोकं म्हणत्यात, सिस्टरला नवऱ्यानं टाकलं. मला कुणी टाकलं न्हाई. मी आले. तू कुणाला सांगशील तर एवढं नीट सांग." म्हणून मी हे नीट सांगते आहे.

छाटणीच्या पहिल्या दिवशी त्या काहीच कापत नसत. खुर्ची टाकून झाडासमोर बसत, जागा बदलत, परत बसत. मला हे सुरुवातीला कंटाळवाणं वाटायचं. मग त्या दाखवायच्या. ही फांदी वाळलेली, ती आधी जाईल. हिच्यावर किडीनं भोकं पाडलीत, ती दुसरी. ह्या दोघी एकमेकींवर घासतात, वाऱ्यात दोघींची साल निघते, यातली कमजोर जाईल. बुंध्यातून सरळसोट वर धावलेले हे पाणसोट. दिसायला तरतरीत, पण झाडाचं पाणी पिऊन फूल देत नाहीत. एवढं काढलं की झाड मधून मोकळं होतं, ऊन-वारा खोडापर्यंत जातो आणि गुलनारला तर फूल नव्या फुटीवरच येतं. दुसऱ्या दिवशी काम सुरू व्हायचं. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना कात्री स्पिरिटनं पुसायची, नाहीतर एकाचा रोग दुसऱ्याला. बाहेर तोंड करून असलेल्या डोळ्याच्या जरा वर तिरका काप द्यायचा. जाड फांदी असेल तर आधी खालून अर्धवट करवत मारायची, मग वरून, म्हणजे पडताना ती खोडाची साल ओढून नेत नाही. आणि खुंटी ठेवायची नाही. उरलेली खुंटी सडते आणि ती सड आत जाते.

मला कापायची घाई असायची. एकदा कात्री हातात मिळाली की हे काढू, तेही काढू असं व्हायचं. त्या माझं मनगट धरायच्या. "कापायला अक्कल लागत न्हाई, वैशाली. थांबायला लागती," असं त्यांचं म्हणणं. झाडाचा चौथा हिस्सा गेला की बास. उरलेलं पुढच्या वर्षी. रस्त्याकडेची झाडं तारांसाठी खराट्यासारखी उडवणारी माणसं दिसली, की त्या रिक्षा थांबवून उतरायच्या आणि त्यांच्याशी भांडायच्या. ती माणसं हसायची. सिस्टरांना हसण्याचं काही वाटत नसे.

मग माझ्यावर वेळ आली. मी तिशी ओलांडली होती. पाळी सुरू झाली की थांबेना, शाळेत उभं राहवेना. आम्ही एका खाजगी दवाखान्यात गेलो. त्या डॉक्टरांनी तपासलं आणि गर्भपिशवी काढावी लागेल, उशीर केला तर पुढे कॅन्सरची भीती, असं सांगितलं. ते ऐकून नवरा हादरला. घरी येऊन त्यानं ऑपरेशनचा दिवसही ठरवला. आमच्या भागात ही गोष्ट काही नवलाची नव्हती. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका ऐन तरुणपणी पिशवी काढून परत कोयता हातात घेताना मी वडगावात पाहिल्या होत्या. त्यातल्या कितीजणींना खरंच गरज होती, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही. मला तर सुटल्यासारखं वाटत होतं. दर महिन्याला सासूबाई माझ्या तोंडाकडे बघायच्या, ते तरी आता बंद होईल.

दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी सिस्टर आमच्या घरी आल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी आमच्या लिंबाकडे मान वर करून बघितलं नाही. सरळ आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, की उद्या जायचं नाही, आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं. नवरा म्हणाला, सगळं ठरलं आहे. त्या म्हणाल्या, ठरलेलं मोडता येतं. मी मान खाली घालून बसले होते. तेव्हा सासूबाई, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, त्यांच्याशी बोलल्या.

"तशीबी कोणत्या कामाची राहिली ती पिशवी?"

नवऱ्यानं आईकडे बघितलं नाही. सिस्टरांनी पर्स मांडीवर घेतली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "अक्का, तुमची पिशवी हाय का अजून?"

"हाय की."

"आता तिचं काय काम हाय? काढायची का उद्या? वैशालीसंगं तुमचीबी भरती करू."

सिस्टर पुढे म्हणाल्या, "मी डॉक्टर न्हाई. काढायची गरज असंल तर काढू, मी सोता हिचा हात धरून टेबलापाशी उभी राहते. पण दुसऱ्यानं बघितल्याबिगर हिला कुणी हात लावायचा न्हाई. कामाची न्हाई म्हणून तर मुळीच न्हाई." त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, सकाळी तयार राहा. मला आठवतं, त्या गेल्यावर मी रडले. दुखत होतं म्हणून नाही. माझ्या शरीराबद्दल या घरात कुणी माझ्या बाजूनं बोलेल, हे मी कधी धरलंच नव्हतं.

सकाळी त्यांनी मला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं त्यांनी आपली जुनी ओळख वापरली नाही; ओळीत माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, नंबर आल्यावर बाहेर थांबल्या. आतल्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं, एक लहान तपासणी केली आणि चार-सहा दिवसांनी सांगितलं, की गाठ बारीक आहे, घाबरण्यासारखं काही नाही, गोळ्यांनी भागेल. गोळ्यांनी भागलं. काही महिन्यांत मी परत वर्गात उभी राहून शिकवायला लागले. मूल आम्हाला झालं नाही. हे सांगून टाकते, कारण अशी हकिकत ऐकली की लोक शेवटी पेढ्यांची वाट बघतात. मूल झालं नाही, पिशवी जागेवर राहिली आणि मी बरी झाले. एवढंच झालं आणि ते मला पुरलं.

सासूबाईंनी माफी वगैरे मागितली नाही. त्यांच्या पिढीत ती मागायची रीतच नव्हती. पण पुढच्या पोळ्याला त्यांनी येसराची आमटी केली, पितळी डब्यात भरली आणि मला न देता स्वतः पदर सावरून सिस्टरांकडे घेऊन गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. परत आल्या तेव्हा हातात गुलनारची फुलं होती. ती त्यांनी देव्हाऱ्यात वाहिली आणि झाडाची बाधा हा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

त्या दिवसांत एकदा मी भारावून सिस्टरांना म्हणाले, की तुम्ही झाडांकडूनच जगायचं शिकलात ना. त्या वैतागल्या. "झाड झाड हाय, मी मी हाय. मला शिकायला माणसं काय कमी भेटली का?" असं म्हणून त्यांनी मला चिनी संत्र्यांची पिकून सुकलेली फळं काढायला बसवलं. कौतुक त्यांना चिकटत नसे.

त्यांच्या भावाचा मुलगा बाळासाहेब तोवर राजकारणात वर चढला होता. गावातल्या प्रत्येक चौकात त्याचा फोटो. सगळे त्याला दादा म्हणत, सिस्टर बाळ्या म्हणत. भाऊ वारला तेव्हा त्या जाऊन आल्या होत्या. पुतण्या अधूनमधून पाया पडायला यायचा. वडिलांच्या नावाची मोठी कमान उभी करायचं त्याच्या मनात आलं आणि कार्यकर्त्यांनी जागा निवडली ती नेमकी आमच्या गल्लीच्या तोंडाशी. खांब जिथं यायचे तिथं सिस्टरांच्या गुलनारची ओळ. बाळासाहेब स्वतः सांगायला आला. आत्याला आनंद होईल, असं त्याला खरोखर वाटत होतं. आत्या, आबांचं नाव तुझ्या दारात लागंल, असं तो म्हणाला. त्या म्हणाल्या, झाडाला हात लागणार नाही. तो समजावत राहिला, की तोडलेल्या झाडांच्या बदली दुप्पट लावू, फळांची लावू, ही काय नुसती शोभेची. त्यावर त्या उठून आत गेल्या. तो चहा न घेता परतला.

एका सकाळी माणसं करवतीचं मशीन घेऊन आली. मी शाळेला निघाले होते. सिस्टर आधीच शिडीवर होत्या. सत्तरी गाठलेली बाई, पदर खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. त्या झाडाची छाटणी करत होत्या, अगदी नेहमीसारखी. एक फांदी बघायची, थांबायचं, मग कापायची. मुकादमानं खाली उतरायला सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ह्या झाडाला जेवढा काप लागतो तेवढा मीच देते, तुमचं मशीन परत न्या. तो फोन लावायला बाजूला गेला. मी शाळेची पिशवी भिंतीवर ठेवून शिडी धरली. शाळेला उशीर होणार होता, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मग आमच्या घराचं फाटक वाजलं. सासूबाई प्लास्टिकची खुर्ची ओढत बाहेर आल्या. ती त्यांनी दुसऱ्या झाडाच्या बुंध्याला टेकवून ठेवली, बसल्या आणि ताटात मेथी निवडायला घेतली. मुकादम त्यांनाही बाजूला व्हायला सांगू लागला. त्या म्हणाल्या, "मला ऊन सोसत न्हाई बाबा. सावलीला बसलेय. तुझं काय काम असंल ते तिकडं कर." हळूहळू गल्लीतल्या इतर बायका आल्या, कुणी धान्य निवडायला, कुणी नुसत्याच. दुपारपर्यंत माणसं मशीन घेऊन निघून गेली. बाळासाहेबानं कमान मोठ्या रस्त्यावर हलवली.

सगळंच मात्र वाचलं नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सिस्टर दवाखान्यात होत्या, आम्ही सगळे त्यांच्यापाशी, तेवढ्यात गल्लीच्या अगदी तोंडाचं झाड कुणीतरी जमिनीलगत कापलं. बाळासाहेब शपथ घेऊन म्हणाला, मी सांगितलं नव्हतं. कदाचित नसेलही. पट्टी काढून घरी आल्यावर सिस्टर त्या बुंध्यापाशी उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता त्या खचतील. त्या म्हणाल्या, "चुना अन मोरचूद कालव." कापलेल्या जागी सड शिरू नये म्हणून आम्ही तो लेप बुंध्याला लावला. त्यांनी कुणाला शिव्या दिल्या नाहीत, पण कमानीच्या उद्घाटनाचं बोलावणं आल्यावर इस्त्रीची पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. मी शेजारी होते. निवेदकानं दिवंगतांच्या भगिनींना दोन शब्द बोलायची विनंती केली. त्या सावकाश पायऱ्या चढल्या, माईक हातात घेतला.

"माझा भाऊ गावासाठी लई चांगला होता," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी न्हवता. दोन्ही खरं हाय." आणि खाली उतरल्या.

मी बाळासाहेबाकडे बघितलं. तो मान खाली घालून हाताची बोटं मोडत होता. पुढचे वक्ते बोलू लागले, हार झाले, जेवणं झाली. घरी परतताना रिक्षात सिस्टर मला म्हणाल्या, की आज पोट हलकं वाटतंय.

कापलेल्या बुंध्यातून पावसाळ्यात फुटवे आले, झुडपासारखे, चहूबाजूंनी. मला ते सगळेच ठेवावेसे वाटत होते. सिस्टरांनी ते महिनाभर निरखले, त्यातला एक निवडला आणि बाकीचे काढून टाकले. त्या एकाला काठीचा आधार दिला. आज ते झाड माझ्या डोक्याच्या वर गेलं आहे. खोड थोडं वाकडं आहे आणि ते तसंच राहणार.

शेवटच्या वर्षी त्यांचे हात थरथरायला लागले. त्यांनी कात्री माझ्याकडे दिली आणि खुर्चीत बसून मला ओरडू लागल्या. शिडी आता माझ्या नवऱ्यानं धरायची. एका रविवारी त्यांनी बाळासाहेबाला बोलावून घेतलं आणि आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की मी मेल्यावर देह मेडिकल कॉलेजला द्यायचा. तिथल्या पोरांना शिकायला लागतो. गावाकडं न्यायचं नाही, दिवस घालायचे नाहीत, माझ्या नावानं कसलीही पाटी लावायची नाही. बाळासाहेब हं म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. चहा पिऊन गेला.

त्या वारल्या गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, दुपारी, झोपेत. मी बाळासाहेबाला फोन केला. तास-दोन तासांत गाड्यांची रांग गल्लीत शिरली. फुलांनी सजवलेली एक गाडी होती, मागे माणसं. सिरसाळ्याकडे चिता रचायला सांगून झालं होतं, त्याच्या वडिलांच्या शेजारी. कार्यकर्ते आत शिरू लागले, तेव्हा मी दारात उभी राहिले. मी कधी कुणाला अडवणारी बाई नव्हते. मी म्हणाले, की यांना गावाकडे न्यायचं नाही, त्यांनी तसं सांगून ठेवलं आहे.

पुढच्या माणसानं विचारलं, "बाई, तुमी कोण?"

"मी शेजारीण. पण त्यांनी सांगितलं तेव्हा मी समोर होते, आणि तुमचे दादाही होते. त्यांना विचारा."

सगळे मागे वळले. बाळासाहेब फाटकापाशी उभा होता. त्याच्या एका शब्दावर मला बाजूला करणं अवघड नव्हतं, आणि सख्खा पुतण्या तोच होता. तो म्हणाला, "जिती असताना तिनं माझ्या बापाचं ऐकलं न्हाई. आता मेल्यावर माझं ऐकंल व्हय?" त्यानं गाड्या परत फिरवायला सांगितल्या. कॉलेजला फोनही त्यानंच केला आणि संमतीही त्यानंच दिली.

उन्हं कलल्यावर कॉलेजची गाडी आली. स्ट्रेचर उचलायला एका बाजूला तो होता, दुसऱ्या बाजूला माझा नवरा. गाडीचं दार लागलं, गाडी वळली, मोठ्या रस्त्याला लागली. रडण्यासाठी काही उरलंच नव्हतं. ना अग्नी, ना राख, ना उद्या सावडायला जायचं ठिकाण. कार्यकर्ते पांगले होते. बाळासाहेब रिकाम्या गल्लीत तसाच उभा होता. तो मला म्हणाला, "ताई, तिचं सगळं मान्य हाय. पण मग आमी रडायचं कुठं?"



सासूबाई आमच्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी पायाशी पडलेल्या चपला एका बाजूला सारल्या, शेजारी जागा केली आणि त्याला म्हणाल्या, "इथं रड की. ये, बस."

चौकाचौकांत फोटो असलेला तो माणूस येऊन त्यांच्याजवळ बसला आणि लहान पोरासारखा रडला. सासूबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. गप्प हो, असं त्यांनी त्याला सांगितलं नाही आणि त्याला गप्प कर, असं मलाही नाही.